डाव्या खांद्याची बंडी

चैत्र वद्य २, सोमवार. धारूर.

शिंप्याच्या हाताला मुंग्या लागोत. तिसरी बंडी बिघडवली. दाजींच्या डाव्या खांद्यावर जिथं हाड वर आलंय, नेमकी तिथंच शिवण. वर तोंड करून म्हणतो, "माणूसच वाकडा हाय, मी काय करू?" मी त्याची कात्री उचलणार होतो. अक्कानं दंड धरला.

दाजी आठ वर्षं कचेरीत चपराशी. चामड्याचा पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. पट्टा डाव्या खांद्यावरूनच घालायचा, सरकारी कायदा तसा. विहिरीत पडल्यापासून हाड वाकडं जुळलंय, वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. थंडीत जाड कुडत्यावर निभलं. आता घाम येतो, शिवण घासते, कातडी फुटते. चार दिवस पट्टा हातात धरून कचेरीत गेले. आज नवा पेशकार बोलला, "पट्टा नको तो नौकरी भी नको." आखितीच्या आदल्या दिवशी पट्टा घालून हजेरी. नाहीतर नाव काटणार.

पंधरा दिवस राहिले.

मी म्हणलं, मी करतो बंडी. शिवण नसलेली. अक्का हसली, दाजीबी हसले. हसा.

वद्य ३, मंगळ.

जालन्याच्या छावणीत पेन्शनवाल्या हवालदाराकडं सहा महिने पडून होतो, तेव्हा त्यानं चार सुयांवर पायमोजा विणायला शिकवलं. गोल गोल विणत जायचं. कुठं जोड नाही, शिवण नाही. पायाला जमतं तर अंगाला का नाही? थोरला मोजा, तळ नसलेला. सुती विणला तर वारा आरपार जाईल. बाह्या नकोतच.

सुया कुठल्या? मोडक्या छत्रीच्या काड्या काढून दगडावर घासल्या. छत्री दाजींची होती.

"माझी छत्री कावून मोडली बे?"

"मोडकीच होती दाजी."

"आन् आता काय, मासे धराया जाळं इणतूस?"

माप द्यायला तयार नाहीत. तो खांदा कुणालाच दाखवत नाहीत, अक्कालाबी नाही. अंघोळसुद्धा भिंतीकडं तोंड करून. मग जुन्या बंडीवरूनच सुतळीला गाठी मारून माप घेतलं. नका दाखवू. माझं काय अडलंय?

वद्य ४, बुध.

साळ्यांच्या आळीत गोदामावशीकडं सुताला गेलतो. बदल्यात तिच्या मागाच्या कांड्या भरून द्यायच्या ठरलं. लडी हातात देताना म्हणाली, "थांब रं, हे सूत इणायच्या आधी..." तेवढ्यात बाहेर एडक्यांची टक्कर लागली. काळा एडका धनगराचा, पांढरा खाटकाचा. काय डोकी! कडाड वाजत होतं. ऊन कलेपर्यंत तिथंच उभा. काळा हरला, सगळी आळी चुकचुकली. मावशी काय सांगत होती ते राहूनच गेलं.

वद्य ६, शुक्र.

दोन दिवसांत एक टाका नाही. काल किल्ल्यात मधाचं पोळं काढणारे आले होते, त्यांच्या मागं. आज काहीच कारण नाही, नुसताच फिरलो. घरी आलो तर काड्या तशाच, सूत तसंच. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावी वाटली.

तेव्हाबी असंच. दिवाळीनंतर दाजी विहिरीतला गाळ काढायला उतरले, दोर माझ्या हातात. रस्त्यानं दरवेशी अस्वल घेऊन चाललेला, डमरू वाजत होता. मी दोराचा बाभळीला एक वेढा मारला आणि बघायला गेलो. एकच वेढा. अस्वल मागच्या पायांवर उभं राहून सलाम करत होतं. मी हसत होतो, तेव्हा आतून आवाज आला.

त्या दिवसापासून घरात त्याबद्दल एक शब्द नाही. दाजी शिवी देत नाहीत, अक्का रडत नाही. ताटात पहिली भाकरी मला पडते. त्या भाकरीचाच संताप येतो.

वद्य ९, सोम.

शनिवारपासून उठलो नाही. कंबरेपासून काखेपर्यंत आलं. सूत कसलं ताठ, काथ्यासारखं. बोटं कापली. शेजारचे आबा डोकावून गेले. "रंगा, लुगडं बी इणून दे रं म्हातारीला." म्हणलं, आबा, आधी तुमच्या तोंडाला जाळी विणतो.

अक्का लई हसली. बऱ्याच दिवसांनी.

वद्य ११, बुध.

सत्यानाश.

सकाळी बंडी पुरी झाली. अक्का म्हणाली, नवं कापड अंगाला लागायच्या आधी पाण्यातून काढावं. रिठ्याच्या पाण्यात घातली, दोरीवर टाकली. दुपारी बघतो तर सहा वर्षांच्या पोराला बसेल एवढी! काढून गोठ्यावर भिरकावली. अक्कावर ओरडलो. नको ते बोललो. ती म्हणाली, "वरड बाबा. माझ्यावरच वरड." तेवढंच.

गोदामावशीकडं तरातरा गेलो. ती उलटी माझ्यावर. "ताण्याचं सूत हाय ते, मुडद्या! ताणून ताणून खळ दिलेलं. पाण्यात गेलं की आखडणारच. आधी उकळून घे म्हणून सांगत व्हते. तू एडके बघाया पळालास!"

तिच्या दारात उभ्या बाया हसल्या. ज्याच्यावर चिडावं असा दुसरा कुणी सापडत नाही, हे लई वाईट.

वद्य १२, गुरु.

गोठ्यावरून बंडी काढून आणली. उसवायला बसलो. आता हे सूत आखडायचं तेवढं आखडलंय, पुन्हा विणलं तर आखडणार नाही. टोक ओढलं की भराभर सुटतं, पाच दिवसांचं काम भाकरी खाईपर्यंत संपलं.

दाजी उंबऱ्यावर. बराच वेळ बघत होते.

"सगळं सुटतंय व्हय रं?"

"हो. चुकलं तर उसवायचं, परत विणायचं."

"असं? मंग माझं हाड बी उसव की."

माझा हात थांबला. अक्का चुलीपुढून उठली. दाजींचा आवाज चढला. "उसव की! आन् नीट इण. पाच म्हैने झाले, चिलीम भराया डावा हात वर जाईना. कचेरीतली कालची पोरं लुळा म्हणत्यात. आन् तू काड्या घेऊन बसतूस माझ्यापुढं! एक डाव तरी म्हणलास का, दाजी, माझ्या हातनं झालं?"

मी म्हणलं, "तुमी तरी एक डाव शिवी दिली का? कुणी बोलूच दिलं नाही मला. रोज पयली भाकरी! दाजी, माझ्या हातनं झालं. वेढा एकच मारला होता."

"ठावं हाय."

"कसं?"

"सुटताना खालून दिसतो की बे."

दाजींनी एका हातानं कुडतं काढलं, माझ्याकडं पाठ केली. "हं. घे माप. जुन्या बंडीचं नगं, माझं घे."

हाड बोटाला लागलं. पक्ष्याच्या चोचीसारखं वर. भोवती जुन्या-नव्या जखमा. सुतळी डावीकडून नेली तर उजवीपेक्षा चार बोटं जास्त लागली. गाठ मारताना सुतळी हाडावरून अधांतरी धरली. दाजी म्हणाले, "दाबून घे. दुखंना."

खोटं. दुखत होतं.

अमावस्या, रवि.

डावी पट्टी मागून वर आणायची, खांद्यावरून तशीच पुढं नेऊन छातीवर जोडायची. हाडावर जोड येऊ द्यायचा नाही. डोक्यात सगळं बसलंय. सूत पुरत नाही! आखडलं तेवढं कमी पडलं. मावशी म्हणाली, आधी कबूल केलेल्या कांड्या भर. दिवसभर भरल्या. एडक्यांची टक्कर परत लागली दारात. पाठ करून बसलो. मावशी मुद्दाम सांगत होती, "काळा जितला रं, काळा!" कसली बाई.

लडी तिच्यापुढंच उकळली.

वैशाख शु. २, मंगळ.

कचेरीची वेळ झाली आणि डावी पट्टी छातीला जोडायची राहिलेली. छातीवर चौदा फास, शेवटच्या ओळीचे टाके, उघडे. दाजी म्हणाले, आण तशीच. मी म्हणलं, एक टोक ओढलं तर सगळं उसवेल. म्हणाले, "पेशकार काय बंडी वढून बघतो का? आण."

घातली. चापून बसली. हाडावर सूत नुसतं टेकलंय, घासत नाही. उघड्या फासांतून दोरा ओवून बांधला.

"किती येढे मारले?"

"तीन."

"हं."

वरून अंगरखा, त्यावर पट्टा. अक्कानं बिल्ला पदरानं पुसला. दाजी उंबऱ्याबाहेर पडताना खांदा जरा आखडला, का मलाच तसं दिसलं, कुणास ठाऊक. कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होतो. पट्टा जागेवर होता.

आता ऊन डोक्यावर आलंय. अजून परत नाहीत. अक्का तिसऱ्यांदा दारात जाऊन आली.

गल्लीत डमरू वाजतोय. दरवेशीच असणार, घुंगरंबी ऐकू येतात. पोरं पळत चाललीत. वाजव लेका, वाजव. फोडून टाक डमरू.

मी कचेरीच्या रस्त्याकडं तोंड करून बसलोय. काड्या हातात हायत. चौदा फास बंद करायचे राहिलेत.