माझं लग्न मोडायला जाऊ नकोस

रविवार, दुपार

ताईस,

नमस्कार. तो आधीच घेऊन ठेव, कारण पुढे तुझ्यासाठी फारसं गोड काही नाहीये. आम्ही बऱ्या आहोत. तुझी पाठ कशी आहे? तू गोदामाची सुपरवायझर आहेस, हमाल नाहीस, खोकी स्वतः उचलू नकोस, हे डॉक्टरांनी सांगितलं, मीही सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. माझं दुकान चाललंय. मालकांनी शिलाई मशीनवरचा दिवा एकदाचा बदलला, त्यामुळे आता काळ्या कापडावरचा काळा टाका दिसतो. सगळ्या गावाची पोटं सुटलीत की काय कोण जाणे, आठवडाभर नुसत्या पँटींच्या कमरा सैल करतेय.

फोन न करता पत्र का, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य बोलले की तू तीन बोलतेस, आणि शेवटी मला काय म्हणायचं होतं ते मीच विसरते. कागदाला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा बस आणि वाच.

कालचा सोडून मागच्या शनिवारी माझ्या घरी बसून तू जे बोललीस, त्याबद्दल आहे हे. आता ‘मी काय बोलले बाई?’ असं म्हणशील. तुझं नेहमीचं आहे ते. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि निस्तरायला आम्ही.

आधी त्या सिनेमांचं घेऊ, कारण त्यांच्यावरही तू तोंडसुख घेतलंस. मला सिनेमातलं फार कळत नाही, कबूल. दिग्दर्शक कोण, कॅमेरा कुठे ठेवला, मला काही देणंघेणं नाही. मारामारीच्या सिनेमात मी मध्यंतराच्या आत घोरते, हे तू सगळ्यांना सांगत फिरतेसच. पण कोणी यंत्रात बसून मागच्या वर्षांत गेलं की माझी झोप उडते. तू म्हणतेस, ‘तेच तेच असतं. गेला, गोंधळ घातला, परत आला.’ असेना का तेच. तूही रोज तोच चहा पितेस आणि रोज म्हणतेस, आज जरा बरा झालाय.

मला ते यंत्र नको असतं आणि त्यामागचं शास्त्रही नको असतं. शास्त्र भिंगरीचं खातं. शाळा सुटून पोरगी दुकानात आली की माझाच खडू घेऊन कापायच्या टेबलावर रेघा ओढते. ही आधीची रेघ, ही नंतरची, इथे त्याने ढवळाढवळ केली म्हणून इथे फाटा फुटला. मी मान डोलावते आणि मला एक अक्षर कळत नाही. मला आवडतं ते वेगळंच. तो माणूस आपल्याच जुन्या गल्लीत जाऊन उभा राहतो. समोरून सगळी ओळखीची माणसं आपापल्या कामाला चाललेली असतात, तरुण, घाईत, आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते कोणालाच माहीत नसतं. त्याला एकट्याला माहीत असतं. ज्याला शिव्या घालत तो आलेला असतो, तोच समोर वाकून बुटाची नाडी बांधत असतो, आणि ह्याचा राग निम्मा उतरतो. तेवढं बघायला मी बसते. बाकी यंत्राने धूर सोडावा नाहीतर शिंकावं.

आणि सिनेमा संपला की आपला तो खेळ. त्या यंत्राचा खटका तुझ्या हातात, एकदाच मागे जायचं, एकच गोष्ट बदलायची. हा खेळ आपण तिघींनीच काढला, त्यात तूही होतीस, विसरू नकोस. आजवर कोणी त्यात शहाण्यासारखं बोललंय? भिंगरी मागे जाऊन स्वतःच्या हाताने कापलेली झुलपं वाचवणार. मी हा सोफा घेणार नाही, ज्यावर बसलं की उठवायला माणूस लागतो. तू अक्कलदाढ वेळेत काढून घेणार. इतकंच चालायचं आणि आपण हसून झोपायचो.

आणि मागच्या शनिवारी तो लिफ्टचा सिनेमा झाला, ज्यात ती बाई खालच्या मजल्यावर उतरते तर तिथे जुनं वर्ष असतं. मी टीव्ही बंद केला नाही तोच तू म्हणालीस, ‘मी हिच्या लग्नाच्या दिवशी उतरेन आणि ते लग्न मोडून वर येईन. सगळी कटकट मुळातच मिटेल.’ आणि पॉपकॉर्नची मूठ तोंडात टाकलीस.

माझ्या नवऱ्याला तू काय वाटेल ते बोल. तो बॅगा भरून गेला, दुसरं घर केलं, मुलीच्या वाढदिवसाला फोन करायचा तर तिसऱ्या दिवशी करतो. त्याच्यावर जीभ चालव, घसा सुकला तर मी पाणी आणून देते. पण ‘सगळी कटकट’? त्यातलीच एक चौदा वर्षांची मुलगी तुझ्या मांडीला मांडी लावून बसली होती, ताई. तुझ्या पॉपकॉर्नचा वाडगा तिच्याच हातात होता.

बरं, मुलगी कोण? जी दिवसभर फाट्यांच्या रेघा ओढते ती. तिला हे जुळवायला कितीसा वेळ लागणार? लग्न नाही तर ती नाही. रेघ तिथेच संपली. हे तुला कळू नये, इतकी दूधखुळी आहेस का तू? मी बघितलं, तिचा हात वाडग्यातच थांबला. मग ती उठली आणि म्हणाली, ‘माझा गृहपाठ राहिलाय.’ त्यावर तू वर काय म्हणालीस, ‘शनिवारी कसला गृहपाठ?’ धन्य आहे तुझी.

तेव्हापासून घरात काय चाललंय ते ऐक. न्हाणीघरातलं गाणं बंद. बडबड बंद. स्वतःचं ताट घासते, माझंही घासते, टॉवेल घडी करून ठेवते. चांगलं आहे की, असं तू म्हणशील. नाही चांगलं. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी वावरतेय ती. आणि बुधवारी जेवताना म्हणाली, ‘आई, ते वसतिगृहाचं मी हो म्हणते.’ आठवतंय ना तुला, तिच्या बाईंनी त्या लांबच्या शाळेचं सुचवलं होतं तेव्हा तिने रडून घर डोक्यावर घेतलं होतं? तीच पोरगी आता म्हणते, ‘तुलाही जरा मोकळं होईल.’ महिनाअखेर शाळेला कळवायचंय.

शिकायला जायचं असेल तर मी हिला पोटाला चिमटा काढून पाठवीन. पण आपण घरातली कटकट आहोत असं समजून ती निघणार असेल, तर मी दारात आडवी पडेन.

आणि मला संताप कशाचा येतो सांगू? हे दुसरं कोणी बोललं असतं तर तिने उडवून लावलं असतं. पण बोललीस तू. मी दोन दोन पाळ्या करत होते तेव्हा तिला तूच सांभाळलंस. तुझ्या गोदामातल्या खोक्यात बसून ती बोलायला शिकली. पोरांचा पहिला शब्द ‘आई’ असतो, हिचा ‘उचल’ होता, कारण तू दिवसभर माणसांच्या अंगावर तेच ओरडायचीस. आजही तिला ताप आला की ती आधी तुला फोन लावते आणि मग मला सांगते. मला वाईट वाटत नाही असं नाही, पण मी कधी बोलले नाही. अशा मावशीने हसत हसत सांगायचं, की मी मागे जाऊन तुला पुसून टाकीन.

आता एक गोष्ट, जी मी मघापासून टाळतेय.

त्या बुधवारीच, ताटं उचलल्यावर, मी एक कोट घेऊन बसले होते, अस्तर लावायला. ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, खटका तुझ्या हातात असता तर तू दाबला असतास?’ माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढायला वेळ लागला, म्हणून लगेच बोलता आलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. टाचण्या दोनच होत्या. मी गप्प बसले, ताई. माझी पोर समोर उभी राहून वाट बघत होती. शेवटी ‘ठीक आहे’ म्हणाली आणि आत गेली.

तेव्हा वड्याचं तेल वांग्यावर निघतंय हे मलाही कळतंय. निम्मा राग माझा माझ्यावर आहे. उरलेला निम्मा मात्र तुझाच, तो काही मी सोडत नाही.

गप्प का बसले, ते मला दोन दिवस कळेना. उशीर झाल्यावर शहाणपण सुचतं तसं सुचलं, शुक्रवारी, एका बाईच्या झग्याची बाही उसवताना. घरी गेले, तिच्या पलंगावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, असा प्रत्येक सिनेमा बघताना मी त्या दिवशी जातेच. लग्न मोडायला नाही. मी हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसते आणि कोणी मध्ये येऊन मोडू नये म्हणून लक्ष ठेवते. समोर ती असते, तेव्हाची मी. स्वतः शिवलेले कपडे घालून, सगळ्यांशी हसत. तिला काहीच माहीत नाही. मला सगळं माहीत आहे, एकटीने काढायच्या रात्रीसुद्धा. एका शब्दाने मी तिला सावध करू शकते. पण करत नाही, कारण केलं तर भिंगरी, तू नाहीस. मी तिला डोळ्यांदेखत जाऊ देते, दर वेळी. तू विचारलंस तेव्हा मला त्या हॉलमधल्या मुलीची दया आली, म्हणून बोलता येईना. तुझ्याबद्दल माझ्या मनात ‘दाबू का नको’ असं कधीच नव्हतं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘आणि तू तिला सगळं सांगितलं असतंस, तर ती हो म्हणाली असती?’ मी म्हटलं, ‘तुझा चेहरा दाखवला असता, तर हॉलमध्ये धावत गेली असती.’ त्यावर म्हणाली, ‘आई, तू फारच फिल्मी बोलतेस,’ आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून माझा ब्लाउज ओला केला. मला वाटलं, चला, सुटलो.

कसलं काय. डोळे पुसले आणि विचारते, ‘पण मावशीला मी नकोच होते ना?’ रडत नाही, रागाने नाही, पावसाला सुरुवात झाली का विचारावं इतकं साधं. मी म्हटलं, ‘मावशीला तसं म्हणायचं नव्हतं.’ ती म्हणाली, ‘मग काय म्हणायचं होतं?’ मी म्हटलं, ‘ते तिलाच विचार.’ वसतिगृहाचं तिचं अजून ‘हो’च आहे.

माझं मी निस्तरलं. तुझं मी निस्तरणार नाही. तू इथे यायचं आणि तिच्यासमोर बसायचं. येताना तिच्यासाठी काहीबाही घेऊन येऊ नकोस, ती लाच समजेल. आणि ‘मी गंमत केली’ हे तर तोंडातून काढूच नकोस. ते खरं नाही आणि तिला खोटं लगेच कळतं.

तू गंमत केली नव्हतीस, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आपण दोघींनी हे आजवर कधी काढलं नाही, पण आता काढते. लग्नाच्या सकाळी तू माझ्या खोलीत आलीस, दार लावून घेतलंस आणि म्हणालीस, ‘अजून वेळ आहे. मागच्या जिन्याने उतरू. लोकांना काय सांगायचं ते मी बघते.’ मी हसून उडवून लावलं. तू दार अडवून उभी राहिलीस, हलेचनास. मी म्हटलं, ‘ताई, जाऊ दे मला.’ तेव्हा माझ्या बाहीला लोंबणारा एक धागा तू दातांनी तोडलास आणि बाजूला झालीस.

तिथे आपण चुकलो, असं तुला इतकी वर्षं वाटतंय. तो घर सोडून गेला त्या दिवशी तू माझ्याकडे येऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसलीस आणि माझ्याकडे बघेनास, तेव्हाच मी ओळखलं होतं. त्या शनिवारी तू माझं लग्न मोडायला निघाली नव्हतीस, स्वतःला त्या दारातून हलू द्यायचं नाही म्हणून निघाली होतीस.

तर मग हेही ऐक, जे मी कोणालाच सांगितलेलं नाही. त्या सकाळी मी घाबरले होते. तू आणखी एकदा ‘चल’ म्हणाली असतीस तर मी आले असते. तू म्हणाली नाहीस, म्हणून भिंगरी आहे. तिच्या असण्यात माझा जेवढा हात आहे तेवढाच तुझाही आहे, आणि हे तिने तुझ्या तोंडून ऐकायला हवं.

शनिवारी ये. आणि कधी खरंच उतरलीस त्या सकाळी, तर तो धागा तोड आणि पुन्हा बाजूला हो.

तुझ्यावर चिडलेली, आणि तू दार सोडलंस म्हणून आई झालेली,
तुझी धाकटी