चुलीपुढं भरलेली शाळा

१० मार्च
आज शाळेची खिचडी खाली लागली. गुरुजींमुळं. तिसरीची सगळी पोरं घेऊन माझ्या शेडमध्ये आले. म्हणाले, "ताई, तांदूळ टाकायच्या आधी पोरांना मोजू द्या." पोरं किती, तांदूळ किती भांडी, पाणी किती. सगळी पातेल्याभोवती, माझी सानिका सगळ्यांच्या पुढं. "आये, पाणी दुप्पट का? डाळ घातली की जास्त का लागतं?" म्हटलं सरक, भाजशील. सरकली नाही. कागदावर आकडे मांडत बसली, तोवर वास सुटला.
गुरुजींना तोंडावर सांगितलं, शाळा वर्गात घ्या, चुलीपुढं नको. हसले. हा माणूस चिडत नाही, त्याचाच मला राग येतो.
हे रोज दोन ओळी लिहायचं खूळ पण त्यांचंच. सभेत सगळ्या आयांना म्हणाले, पोरांना तुम्ही लिहिताना दिसायला पाहिजे. बाकी कुणी मनावर घेतलं नाही. मी पाचवी शिकलेली, अक्षर वाकडं, पण लिहिते.

१४ मार्च
होळी झाली. मुंबईकर आले. हे आले, धाकटे भावोजी आले, जाऊ आणि त्यांचा आर्यन. भावोजी गावच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी, गावात पाय ठेवला की चार माणसं मागे. पोळ्या लाटून खांदे गेले.

१६ मार्च
पालखी घरी आली. ओटी भरली, नाचवली, अंगण माणसांनी भरलं. मग भावोजींना हुक्की आली. आर्यनला पाटावर उभं केलं. त्यानं इंग्रजी कविता म्हटली, एका दमात. टाळ्या. मग सानिकाला पुढं ओढली.
"काय गो, तुला काय येतं? चौदा सक किती?"
"थांबा काका, करून सांगते. दहा सक साठ..."
"करून? पाढा काय शिरा हाय करायला!"
अख्खं अंगण हसलं. ढोलवाले पण. पोर पुढं काहीतरी पुटपुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत नेऊन एक लावली तिला. तिसरीत आहे नि पाढा येत नाही? आमच्या बाईंनी पट्टीनं शिकवले, तीसपर्यंत झोपेत म्हणते मी.

१७ मार्च
देवळात गावकी बसली. बायका मागं खांबापाशी. विषय शाळेचा. भावोजी म्हणाले, पोरं मागं पडतायत, तालुक्याला इंग्रजी शाळेत घालू, मंडळ व्हॅन करेल. म्हातारे का कू करायला लागले. तर भावोजी म्हणाले, "वहिनी, तू रोज शाळेत असतेस. तूच सांग गावाला."
गावकीत बाईला कुणी विचारलेलं मी तरी बघितलं नव्हतं. उभी राहिले. मनात होतं ते बोलले. पोरांना पाढे नाहीत, घरचा अभ्यास नाही, कधी पऱ्याच्या पाण्यात खेकडे मोजतात, कधी दोरीनं शेत मापतात. वर्गात बसवायचं सोडून गुरुजी पोरांना माझ्या चुलीपुढं आणून बसवतात.
हे शेवटचं वाक्य सगळ्यांना फार आवडलं. पोरं काढायचा ठराव झाला, त्यात तसंच्या तसं घातलं. बायकांत पहिली सही माझी.
घरी येताना हे म्हणाले, "भारी बोललीस हां." लग्नानंतर पहिल्यांदा.

१९ मार्च
गुरुजींना कळलंय. लातूरकडचा माणूस, इथं ना नात्याचं कोण ना गोत्याचं. पोरांना आज दिवसभर वर्गात बसवलं. शेडकडं कोणी फिरकलं नाही. खिचडी चांगली झाली.

२८ एप्रिल
सानूचा शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेले. गावातली सगळी पोरं निघाली, सुमनचा पोरगा पण. सुमन माझी शेजारीण, ती म्हणाली, "तुझी सानू जातेय ना, मग माझा पण काढते."
गुरुजींनी दाखल्यावर सही केली. म्हणाले, "पाढ्यांचं तुमचं खरं आहे ताई. आधी समजू दे, मग पाठ करून घेऊ म्हणत राहिलो. उशीर केला मी." मग उगीच शाईचा पॅड बंद केला, उघडला. "तिला प्रश्न विचारू द्या फक्त."
मी म्हटलं, घरी येऊन ऐका तिचे प्रश्न, दोन दिवसात पळाल. हसले नाहीत.

१६ जून
नवी शाळा. टाय, बूट, पाण्याची बाटली. तिकडं परत तिसरीतच बसवली, म्हणाले इंग्रजी कच्चं आहे. पोर हिरमुसली. म्हटलं एक वर्ष गेलं तर काय बिघडतं. आर्यनला बघ.
व्हॅन गेली. मी शाळेत. आली ती गावाबाहेरच्या कातकरवाडीची पोरं तेवढी. त्यांना कसली व्हॅन. मोठं पातेलं काढलं होतं, परत माळ्यावर टाकलं.

२५ जून
सानूनं आज व्हॅनमधून उतरल्यावर एक शब्द काढला नाही. दमली असेल.

२ जुलै
लावणी सुरू. शाळेतून सुटले की बांधावर.
सानू रात्री जेवताना म्हणाली, वर्गात मराठी बोललं की उभं करतात. म्हटलं मग नको बोलू.
"मग कशात बोलू?"
म्हटलं, गप्प बसावं. शिकायला गेलीस का गप्पा मारायला?
खरंच गप्प बसायला लागली.

११ जुलै
चाचणीत वीसपैकी वीस!! इंग्रजीत! शाळेनं फोटो पाठवला. मी सगळीकडं पाठवला. भावोजींचा फोन, "बघितलंस वहिनी, महिन्याभरात पोर कुठं गेली?" हे फोनवर पोराटोरासारखे खूश. सुमनला पेढा दिला. तिच्या पोराला नऊ. ती पेढा हातात घेऊन उभी राहिली नुसती.

१३ जुलै
रविवार. सानूला म्हटलं म्हणून दाखव ते, वीस मार्कांचं. हात मागे बांधले आणि म्हणाली धडाधड, एक शब्द अडला नाही. मला काय कळणार. विचारलं, कशावर आहे?
"रिव्हर."
"म्हणजे?"
"नदी."
"मग काय लिहिलंय नदीचं?"
"ते न्हाय विचारत आये. रिव्हर आलं की एवढंच लिहायचं."
गेल्या साली पऱ्याला पूर आला तेव्हा हिनं मला जेवू दिलं नव्हतं. पाणी तांबडं का, मासे कुठं जातात, खाडीला मिळाल्यावर गोडं पाणी खारट होतं का खारट पाणी गोडं. मी ओरडले होते, गिळू दे मला दोन घास.

१४ जुलै
आज मुद्दाम केलं. बांधावरून यायला उशीर झाला, चार बायका जेवायला होत्या. सानूला म्हटलं, भात लाव तू, पाणी किती घालशील सहा जणांना? हीच पोर माझ्या पातेल्याला चिकटून कागदावर मांडायची.
म्हणाली, "ते शिकवलं न्हाय अजून."
"अगो, गुरुजींकडं केलं होतंस की!"
"ती शाळा वेगळी होती."
सुमन हसली. मी पण हसले. भात मीच लावला.

१७ जुलै
डोक्यातून जात नाही. निजवताना विचारलं, सानू, शिमग्याला भावोजींनी चौदा सक विचारलं, तेव्हा तुला खरंच येत नव्हतं?
"येत होतं. मी चौऱ्याऐंशी म्हटलेलं."
"कधी?"
"सगळे हसत होते तेव्हा. तू पण ऐकलं न्हाय. मग तू मारलंस."
साठ आणि चोवीस. चौऱ्याऐंशी. बरोबर की. मला पाढा येतो, मी एका झटक्यात सांगेन. पण साठ आणि चोवीस असं फोडायचं मला कुणी शिकवलं नाही, माझं डोकं तिकडं जातच नाही. तिला ते येत होतं. जरा हळू येत होतं. तेवढं थांबायचं होतं.
थांबणं मला जमत नाही. लावणीत नाही, बाजारात नाही, पोरीच्या बाबतीत पण नाही.

४ ऑगस्ट
गुरुजी आता परत पोरांना शेडमध्ये आणतात. मी बोलावलं. वर्गात बसून करायचं काय एवढ्याशा पोरांचं? कातकरवाडीची एक बारकी पोरगी, आईबरोबर वीटभट्टीवर जायची दरवर्षी, धड शाळेत टिकायची नाही. आज मला म्हणते, "काकी, काल पाणी जास्त झालेलं, आज अर्धा तांब्या कमी टाक." खरं होतं. काल लगदा झाला होता.
मी तिला सरक म्हटलं नाही.
सानूची आठवण आली. सानू त्या वेळी कुठल्या बाकावर असेल, काय पाठ करत असेल.

१२ ऑगस्ट
झालं. वरून कागद आला. पट कमी, शाळा पलीकडच्या गावच्या शाळेला जोडणार. कातकरवाडीची पोरं पऱ्या ओलांडून तिकडं जाणार? पावसाळ्यात? सुटतील शाळेतून, मला ठाऊक आहे. माझं काम जाईल, ते जाऊ दे, मजुरी कुठंही मिळते.
गुरुजींना विचारलं, काही होतं का? म्हणाले, "गावातली चार-पाच पोरं जरी परत आली तरी मला वर लिहिता येईल. पण मी कुठल्या तोंडानं सांगू त्यांना? गावाचा ठराव आहे."
मग पहिल्यांदाच जरा चिडून बोलले, "तुम्ही सांगितलं होतं ताई."
बरं वाटलं ते चिडले म्हणून. मग नाही वाटलं.

२० ऑगस्ट
सुमनकडं गेले. म्हटलं, दोघी मिळून पोरं परत आणू. तिचा पोरगा तिकडं रडून जातो, मला माहीत आहे.
ती तांदूळ निवडत होती, वर बघितलं नाही. "तू उभी राह्यलीस तेव्हा मी तुझ्याकडं बघून काढला माझा. आता तू म्हनतेस परत घाल. उद्या अजून काय म्हनशील?"
"चूक झाली ना, म्हणून सांगते."
"तुझी चूक झाली. माझ्या पोराचं साल गेलं. आधी तू गावकीत बोल, सगळ्यांपुढं बोललीस तसं. मग मी घालते."
बरोबर बोलली. तिला काय दोष.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. हे आले, भावोजी आले. आरत्या, मोदक. मी आत काम करते पण मनात वाक्यं जुळवतेय. तेव्हा जुळवावी लागली नव्हती.

२९ ऑगस्ट
गावकी बसली. विसर्जनाचा विषय झाला, मंडपाचा झाला. मी खांबापासून पुढं गेले. म्हटलं, मला शाळेचं बोलायचंय.
एक म्हातारबाबा म्हणाले, "बाय, गावकीत बायका बोलत न्हाईत."
"शिमग्याला बोलले ती कोण होती?"
"तवा विचारलं व्हतं."
कुणीतरी हसलं. भावोजी हळू आवाजात, "वहिनी, घरी बोलू ना. ठराव झालाय. व्हॅनवाल्याला वर्षाची बोली केलीय. एकानं मोडला तर सगळे मोडतील. मोडणाऱ्याच्या दारात मग आरतीला कोण येणार न्हाय, माहीत हाय ना?"
हे समोर बसले होते. सतरंजीचा धागा ओढत होते.
तरी बोलले मी. गुरुजी बरोबर शिकवत होते, मला कळलं नाही एवढं बोलले. पुढचं कुणी ऐकलं नाही, महाप्रसादाचा विषय काढला. सुमन बघत होती माझ्याकडं. मग तिनं पण मान खाली घातली.

घरी हे म्हणाले, "मार्क पडतात ना तिला? मग तुझं दुखतं कुठं?"
वीसपैकी वीस मार्कांत काय कमी पडलं ते मी कशानं मोजून दाखवू?

२ सप्टेंबर
गौरी-गणपती गेले. मुंबईकर रात्रीच्या गाड्यांनी गेले. निघताना ह्यांनी चप्पल घालता घालता म्हटलं, "तू बघ काय ते. मी भावाशी बोलतो." मग म्हणाले, "आत्ता न्हाय. बघू." म्हणजे हो का नाही, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसेल.
गुरुजींचा फोन आला होता. उद्या वर कागद पाठवायचाय, पोरं किती आहेत त्याचा.

३ सप्टेंबर
सकाळ. घाईत लिहितेय.
दोन्ही गणवेश काढून खाटेवर ठेवले. जुना घट्ट होतोय, पण चढतो. सानूला म्हटलं, आज तू सांग. कुठल्या शाळेत जायचं? तू सांगशील तिथं. गावाचं मी बघते.
मला वाटलं उडी मारेल.
दोन्हीकडं बघितलं तिनं. मग हात मागे बांधले, धडा म्हणताना बांधते तसे.
"काय बोलू आये? कुठलं बरोबर हाय?"
म्हटलं, बरोबर-चूक असं काही नाही गो. तुला काय वाटतं ते सांग.
"तू सांग ना आधी. मग मी म्हणते."
व्हॅन देवळापाशी वळली. हॉर्न वाजतोय. ती अजून हात मागे बांधूनच उभी आहे.