फिक्स खिडकीबद्दल आभार

तीर्थरूप वन्संना, धाकट्या भावजयीचा मनापासून नमस्कार. (वाकून करायचा होता, पण पत्रातून वाकलेलं दिसत नाही आणि हल्ली एकदा वाकले की उठवायला माणूस लागतो, तेव्हा उभ्याउभ्याच मानून घ्या.) तुमची कंबर आता कशी आहे? शेकता ना? की नुसतीच पिशवी जवळ ठेवून टीव्ही बघता? लेक-जावई खुशाल असतीलच. इकडे तुमचे बंधू ठणठणीत आहेत, मी आहे तशीच आहे, आणि अप्पांबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण ते काम एका ओळीत होण्यासारखं राहिलेलं नाही. फोनच करणार होते. पण फोनवर बोलायला लागले की तुमचे बंधू शेजारी उभं राहून हातवारे करतात आणि शेवटी मी भलतंच बोलून बसते.

पत्र लिहायचं कारण एकच, आभार. तुमच्या जावईबापूंनी आमच्या हॉलला ती नवी खिडकी बसवून दिली, तीही भेट म्हणून, अप्पांना छान उजेड मिळावा म्हणून. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं विचारणाऱ्यांतली मी नव्हे. मी आपलं फक्त गाईचं वर्णन करते.

जावईबापू पहिल्यांदा माप घ्यायला आले तेव्हा त्यांनी जुन्या खिडकीकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला उगाचच घर नीट झाडलं नाही असं वाटलं. मग त्यांनी आम्हाला फोटो दाखवले. आता घरांना गज नसतात म्हणे, झडपा नसतात, चौकट असते ती काळी आणि बोटभर, आणि काच जमिनीपासून छतापर्यंत. पडदासुद्धा रिमोटवर वर जातो. (रिमोट हरवला तर काय, असं मी विचारलं. जावईबापू हसले. रिमोट तिसऱ्या दिवशी हरवला, पण ते असो.) आतलं आणि बाहेरचं एक झालं पाहिजे, हे त्यांचं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते शेजारच्या नर्सबाईंनाही ऐकवलं. खिडकीचा कट्टासुद्धा आता जुना झाला, तोही काढायचा ठरला. अप्पा तेव्हा कट्ट्यावरच बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण कान टवकारलेले मी पाहिले.

तुम्हाला अप्पांचा आणि समोरच्या टेलरचा डाव माहीत आहेच. अप्पांना जिना उतरवत नाही, टेलरला दुकान सोडवत नाही. म्हणून एक पट आमच्या कट्ट्यावर, एक त्याच्या कापड बेतायच्या टेबलावर, आणि मधल्या रस्त्यावरून आरोळ्या. घोडा इकडे, उंट तिकडे, आणि प्रत्येक चालीमागून एकमेकांच्या अकलेचा उद्धार. फळवाला वजनं टाकता टाकता सल्ले देतो. मी एकदा दोघांना म्हटलं, फोनवर खेळा की. तर अप्पा म्हणाले, सूनबाई, चार लोकांत अपमान झाला नाही तर हरण्यात काय अर्थ आहे?

तर जुनी खिडकी काढली त्या दिवशी अप्पा दिवसभर पट मांडीवर घेऊन बसले, एक प्यादंसुद्धा हलू दिलं नाही. डाव अर्धा होता, आणि चाल अप्पांची होती. त्याच दिवशी तुम्ही आला होतात, आणि ती जुनी हिरवी खिडकी तुम्ही टेम्पोत घालून घेऊन गेलात. मागे आरसा लावून दिवाणखान्यात टांगल्याचं कळलं. जुन्या खिडक्या भिंतीवर टांगायची आता फॅशनच आहे, हेही जावईबापूंनीच सांगितलं. मला आनंदच झाला. (खरंच झाला. एवढं मोठं लाकूड आम्ही ठेवलं कुठं असतं?)

काच आली तेव्हा ती जिन्यात मावेना. दोरखंड लावून बाहेरून वर चढवली. रस्त्यावर ही गर्दी! ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या घरचा खिळा ठोकला नाही, ते खालून डावीकडे, उजवीकडे म्हणून ओरडत होते. पण बसल्यावर खरंच देखणी दिसली हो. हॉल दुप्पट झाला. तुमच्या बंधूंनी खुशीत चहा संपवला आणि नेहमीच्या सवयीनं तळाचा गाळ खिडकीबाहेरच्या कुंडीत भिरकावला. तो जसा गेला तसा परत आला. शर्ट धुवायला टाकला आहे, डाग जात नाही.

संध्याकाळी दिवे लागले की आम्ही रस्त्याला पूर्ण दिसतो. मी केस विंचरल्याशिवाय हॉलमध्ये जात नाही, तुमचे बंधू पोट आत घेऊन पेपर वाचतात. परवा एक नवरा-बायको सरळ वर आले आणि सोफ्याची किंमत विचारू लागले. त्यांना आमचं घर दुकान वाटलं. मी दारातूनच परत पाठवणार होते, तेवढ्यात तुमचे बंधू विचारात पडलेले दिसले. अजून थोडं थांबले असते तर आज मी हे पत्र जमिनीवर बसून लिहिलं असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिल्याच संध्याकाळी उकडायला लागलं म्हणून मी कडी शोधायला लागले. कडी नाही, मूठ नाही, खाच नाही. मला वाटलं, नवी पद्धत असेल, दाबलं की उघडत असेल. मी सगळी काच दाबून काढली. शेवटी जावईबापूंना फोन लावला. ते अगदी आदरानं म्हणाले, मामी, ती फिक्स आहे, मामांनीच सांगितलं होतं. मी तुमच्या बंधूंकडे बघितलं. तेव्हा सगळा उलगडा झाला. ऑर्डर देण्याआधी जावईबापूंनी यांना फोनवर विचारलं होतं, मामा, मोठी काच फिक्स ना? हे म्हणाले, फिक्स. त्यांनी बिचाऱ्यांनी पुन्हा विचारलं, नक्की फिक्स? हे म्हणाले, अरे शंभर टक्के फिक्स, आपला शब्द आहे! आता खिडक्यांच्या धंद्यात फिक्स म्हणजे न उघडणारी काच, हे यांना कोण सांगणार? जावयाची काडीची चूक नाही. चूक तुमच्या माहेरच्या जिभेची आहे, पण तेही असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा काचेसमोर उभे राहिले आणि त्यांनी आपली चाल ओरडून सांगितली. टेलरनं वर बघितलं. त्याला नुसतं तोंड उघडताना-मिटताना आणि हात हलताना दिसले. बिचारा कात्री टाकून, गळ्यात टेप तसाच, धापा टाकत वर आला. त्याला वाटलं, अप्पांना झटका आला. अप्पांना इतका राग आला की त्यांनी चाल सांगितलीच नाही. मग दोन दिवस तुमचे बंधू निरोप्या झाले. तिसऱ्या पायरीवर हत्ती आणि घोडा यांत त्यांचा घोळ झाला, आणि खाली जाऊन त्यांनी अप्पांचा हत्ती फुकट मारून घेतला. तेव्हापासून अप्पा यांच्याशी बोलत नाहीत. आणि वन्सं, खरं सांगू? अप्पा कुणाशीच बोलत नाहीत. खुर्ची भिंतीकडे फिरवून बसतात. पटावर पेपर झाकून ठेवलाय. काल त्यांनी मला माळ्यावरून बॅग काढायला सांगितली. मी काही दिवस लेकीकडे जातो म्हणाले, तिथं माझी खिडकी आहे.

मी बॅग काढलेली नाही. तुम्ही वडिलांना सांभाळाल यात शंका नाही, फुलासारखे सांभाळाल. पण मला अप्पा इथं हवेत. आरडाओरड्यासकट हवेत. कुकरच्या शिट्टीवर त्यांचा आवाज चढला की मी कपाळाला हात लावायची, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आता शिट्टी एकटीच होते आणि मला जेवण गोड लागत नाही. हे मला तुमच्या भेटीमुळे कळलं, म्हणून पुन्हा एकदा मनापासून आभार. यात टोमणा नाही. थोडासा असेल तर तो तुमच्या बंधूंना.

जावईबापूंना यातलं काही कळू देऊ नका, त्यांचं मन फार हळवं आहे. कंबर सांभाळा. मोठ्यांना मान, छोट्यांना पापे, आणि तुम्हाला दोन्ही.

तुमची,
भावजय

ता. क. आमची एक बारीकशी विनंती होती. ती जुनी खिडकी आरशातून सोडवून परत पाठवता का? काचेच्या शेजारी जी भिंत उरली आहे, तिच्यात ती बरोबर बसते. कट्टाही होईल. जावईबापूंना सांगू की जुनं आणि नवं शेजारी शेजारी लावायची आता फॅशन आहे. फोटो काढायला ते सगळ्यात आधी येतील बघा.

दुसरा ता. क. तुम्ही नाही म्हणणार नाही असं धरून आज सकाळी गवंड्याकडून भिंत फोडून घेतली आहे. तेव्हा जरा लवकर पाठवा, धूळ फार येते. गवंड्यानं पहिली वीट काढली आणि अप्पा खुर्चीतून उठले. त्या भोकाला तोंड लावून त्यांनी जी काही आरोळी ठोकली, "उंटानं शह! आता पळ कुठं पळतोस ते!" गवंडी घाबरून शिडीवरून उतरला. रस्त्यापलीकडून टेलर ओरडला, "अप्पा, जिवंत आहात होय!" आणि त्यानं कात्री खाली ठेवून हातानं डोळे पुसले, ते मी काचेतून अगदी स्पष्ट पाहिलं. काच तशी फार चांगल्या प्रतीची आहे हो.

तिसरा आणि शेवटचा ता. क. अप्पा भोकाशी बसूनच विचारताहेत, खिडकी येणार ना? कृपा करून उत्तरात नुसतं "हो" लिहा. "फिक्स" लिहू नका.