नाव की दगडी फळी

प्रिय शामरावजी,

आपली कधी भेट झाली नाही. तरी लिहितो आहे, कारण काल भाजीबाजाराच्या कमिटीनं मला विचारलं, शामरावांचं नाव हवं की त्यांची फळी? हा प्रश्न तुम्हालाच विचारायला हवा होता.

जुन्या इमारतींवर सदर सुरू केलं, तेव्हा जाम गावाच्या पुढचा हा बाजार सगळ्यांच्या लेखी इंग्रजांचा होता. बाहेरच्या भिंतीतून खांद्याच्या उंचीवर दगडी फळी पुढे आलेली. कुणी म्हणे दिव्यांसाठी, कुणी म्हणे गवंडी चुकला. एसटीच्या खेपा घालून मी इतका थकलो होतो, की तेच छापून मोकळा होणार होतो.

तेवढ्यात भाजी विकणारी सखूबाई आली. भिंतीशी गुडघे किंचित वाकवून तिनं डोक्यावरची वांग्यांची टोपली फळीवर सरकवली. हात द्यायला कुणी लागलं नाही.

“हे बांधलं कोणी?”

“शामरावजी इंजिनेरनं. माह्या सासूले भिंतीपाशी उभी करून खूण केलती. काऊन विचारून राह्यले, भाऊ?”

तुम्ही एका कोपऱ्यात नावाची दोन अक्षरं कोरली असतीत, तर माझी पायपीट वाचली नसती का?

सिंदी मेघे गावात तुमच्या भाचीच्या विहिरीपाशीही तशीच फळी निघाली. “मामाजीनं आईच्या मापानं केली,” ती म्हणाली. “त्याईचं नाव कुठंतरी लावा हो. कोणाले आठवत नाई आता.” मी हो म्हणून बसलो.

तेच मागायला काल कमिटीसमोर उभा राहिलो. अध्यक्ष लगेच तयार झाले. “ट्रकले अडते ते फळी. तोडून टाकू, तिथंच संगमरवरावर तुमच्या शामरावाचं नाव लावू. मंग तं झालं?”

दारातून सखूबाई म्हणाली, “अन् टोपली काय नावावर ठेवू मी?”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. “मंग एकच सांगा, नाव का फळी, दुसरीकडं जागा नाई,” अध्यक्ष म्हणाले. फळी राहू द्या, म्हणालो, नाव नको. अध्यक्षांनी होकारार्थी मान डोलावली. ट्रक आता मागच्या फाटकानं येतील.

तुम्ही असता तर हेच म्हणाला असता ना? असं समजून मी घरी आलो, पण झोप नीट लागली नाही. भाचीला अजून सांगितलेलं नाही.

ते मीच सांगेन, तिच्या घरी जाऊन. पुढच्या बाजाराला तिला सोबत आणेन आणि त्या भिंतीशी उभी करेन. वाचायला तिथं काही नसेल. सखूबाई टोपली उतरवेल, तेवढं तिला दाखवेन.

तुमच्या फळीखालच्या सावलीत बसलेला,
वसंता