फॉस्टिनाचा अंबाडा

६ ऑक्टो., सोम.
माझ्या बायोप्सीला आठवडा झाला. हे म्हणतात, "रिपोर्ट अजून नाही आला." चाळीस वर्षं डॉक्टरकी केली, पण घरात खोटं बोलताना हमखास चष्मा पुसतात. आज दोनदा पुसला.

८ ऑक्टो.
ह्यांचं नवं नाणं पोस्टाने आलं. रोमन, चांदीचं, बोटाच्या पेराएवढं. आजवर सगळे राजे नि सैनिकच जमवले, बाई पहिल्यांदाच. फॉस्टिना राणी. "बघ, थेट तुझा अंबाडा." नाण्याच्या मागच्या बाजूला मोर. "तुझ्या पैठणीवरचा." इतक्या वर्षांत माझ्या अंबाड्याबद्दल अवाक्षर नाही, नि आज एकदम? कुठेतरी पाणी मुरतंय.

९ ऑक्टो.
हॉस्पिटलच्या साइटवर माझा पासवर्ड चालेना. "मीच बदलला, सिक्युरिटीसाठी." नवा कोणता? "लिहून ठेवलाय कुठेतरी, बघतो." मॉरिसव्हिलला लेकीला फोन केला. "आई, यू आर ओव्हरथिंकिंग." तीही बापाचीच.

१० ऑक्टो.
हे वॉकला गेल्यावर त्यांचं नाण्यांचं पुस्तक काढलं. फॉस्टिना वारल्यावर नवऱ्याने तिच्या आठवणीत पाडलेलं नाणं आहे हे. मोर तिला स्वर्गात नेणारा. पाकिटातल्या पावतीवर ऑर्डरची तारीख ३ ऑक्टो.
तारीख पुन्हा वाचली. मग राग आला. नाणं होतं तसं ठेवून दिलं.

११, शनि.
जेवताना सहजच विचारल्यासारखं केलं, "ती गेल्यावर किती वर्षं जगला हो तो राजा?"
"वीस." मग भाजी वाढून घेत, "दुसरं लग्न नाही केलं त्याने."
मी ते विचारलंच नव्हतं. ह्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरून बसले. भाजी तशीच पानात राहिली.

१२, रवि. सकाळ
हे इंडियन ग्रोसरीत गेलेत, कोथिंबीर आणायला. मी हॉस्पिटलची साइट उघडून बसले. अंदाजाने टाकलं, फॉस्टिना, पुढे माझं जन्मसाल. लागलं.
नवीन रिपोर्ट: १. आलेला ३ तारखेला.
अजून उघडला नाही. भीती वाटते, इथे तरी खोटं कशाला लिहू. नि ह्यांचा भयंकर राग येतोय. नऊ दिवस एकट्याने उरावर घेऊन हिंडले, मला नाण्यातले मोर दाखवत.
गराजचं दार वाजलं. लॅपटॉप ह्यांच्या खुर्चीकडे वळवून ठेवलाय. चहा टाकते.