पहिला वार

१६ नोव्हेंबर १९९३, छत्रीबाग, इंदूर

आज सकाळी पोहोचले. उषानं स्टेशनवर बडबड सुरू केली ती घर येईपर्यंत थांबली नाही. माझी ही धाकटी बहीण लग्नानंतर इतकी इंदुरी झालीय की रिक्षावाल्याला ‘भिया’ म्हणते आणि मला ‘ताई, टेन्शन नको घेऊ’. पोह्यांवर मूठभर शेव. घरात तिचा नवरा दिवाकर आणि धाकटा दीर निशांत. दोघं एकाच मिलमध्ये होते, मिल बंद पडली, आता दोघंही घरी. उषा म्हणते, आमच्याकडे दोन साहेब आहेत, दोघंही पक्क्या सुट्टीवर.

मला कॉलेजातून महिनाभर रजा मिळाली आहे. हातोदजवळच्या माळावर दोनशे वर्षांपूर्वी एकाच घराण्यातल्या दोन भावांची सैन्यं लढली. त्या यादवीवर लिहायचं आहे. खूप दिवसांनी मनासारखं काही हाती आलंय.

१८ नोव्हेंबर

थोरल्याच्या बाजूची पत्रं म्हणतात, पहिला वार धाकट्यानं केला. धाकट्याची म्हणतात, थोरल्यानं. परक्याशी झालेल्या लढाईत हा प्रश्न मागे पडतो, यादवीत मात्र सगळे तेवढंच विचारतात. अशा वेळी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे, लिहिणाऱ्याच्या सोयीचं असेल ते बाजूला काढायचं आणि उरलेलं जमिनीवर चालून पाहायचं. माळाच्या मधल्या नाल्यातून वरचं काय दिसतं? काळ्या मातीत माणसाला धावता येतं का? आपण मात्र कुणाची बाजू घ्यायची नाही.

चालायला माणसं हवीत. दिवाकर म्हणाला, माणसांची काय कमी, ताई, पूरी मिल रिकामी बसलीय.

२१ नोव्हेंबर

मजा आली. मिलचे लोक टेम्पो भरभरून आले. त्या दोन्ही सैन्यांची भाषा एक, पोशाख एक, म्हणून थोरल्याच्या शिपायांनी ओळखीसाठी पागोट्यात कडुलिंबाची डहाळी खोचली होती. मीही अर्ध्या लोकांच्या टोप्यांत, मफलरींत डहाळ्या खोचल्या. विणकाम खात्यातला मारुती म्हणाला, मिलमध्ये दोन यूनियन होत्या, इथं पण दोनच, मॅडम, फर्क काय पडला? सगळे खो खो हसले.

दिवाकर थोरला, म्हणून त्याला डहाळी दिली. निशांतला नाल्यापलीकडे पाठवलं. उषाला ते आवडलं नाही. दोघांना एकीकडेच ठेव ना, म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

टेकाडावर बसून पाहिलं. अगदी काठाशी येईपर्यंत दोन्ही रांगा एकमेकींना दिसत नाहीत. हे कुठल्याच पत्रात नाही!

२३ नोव्हेंबर

आज पुन्हा चाललो. मी थांबण्याची शिट्टी वाजवण्याआधीच दोन्ही रांगा नाल्याशी थांबल्या. कुणी हसेना, कुणी बिडी पेटवेना. रांगा मला लांब वाटल्या, आणलेल्या माणसांच्या मानानं फारच लांब. उन्हाची तिरीप असेल. मारुतीला विचारलं, तर म्हणाला, आम्हीच आहोत, मॅडम, आणखी कोण? माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावरही दिवाकरनं डहाळी काढली नाही. निशांत आपलं ताट घेऊन बाहेर ओट्यावर जेवला.

२५ नोव्हेंबर

डहाळी अजून टोपीत आहे. तोडून इतके दिवस झाले, एक पान सुकलेलं नाही.

चहाच्या टपरीवर मिलचे लोक दोन बाकांवर बसतात. मधून कुणी जात नाही.

दिवाकरनं विचारलं, पहिला वार कोणी केला? मी म्हटलं, कळायला मार्ग नाही. तो म्हणाला, कुणीतरी लिहिलंच पाहिजे. आवाज त्याचा होता, पण ते हिंदी वळणाचं, लडिवाळ बोलणं कुठे गेलं? थोड्या वेळानं निशांत आला. तोच प्रश्न. तेच शब्द.

उषा रडत होती. म्हणाली, एका सायकलवर डबलसीट मिलला जायचे गं दोघं. तू काय केलंस, ताई?

२६ नोव्हेंबर

काम थांबवलं. सगळ्यांना निरोप दिला, येऊ नका. दिवाकरच्या टोपीतली डहाळी ओढून काढली, चुलीत घातली. त्यानं अडवलं नाही.

जेवायला बसला तेव्हा टोपीत डहाळी होती.

२७ नोव्हेंबर, सकाळ

दोघं घरात नाहीत. मारुतीची बायको धावत आली— सगळे हातोदकडे गेलेत, हातात मागांचे लोखंडी दांडे. उषा आणि मी निघतो आहोत. वही पिशवीत राहिली आहे, तशीच घेते.

२७, दुपार. टेकाड

लख्ख ऊन आहे. तरी मागच्या रांगांतल्या लोकांना चेहरे नाहीत. पुढे आपले मिलवाले, मागे ते— माळ संपेपर्यंत ते.

उषा नाल्यात उतरली. दोघांच्या मधे उभी आहे. एकीकडे दिवाकर, एकीकडे निशांत. दोघांचे दांडे वर.

मारुती टेकाडावर आला. म्हणतो, लिहा. तुम्ही लिहीपर्यंत कोणी हलणार नाही.

थोरला लिहिलं तर ते दिवाकरवर धावतील. धाकटा लिहिलं तर निशांत—

माहीत नाही म्हटलं. तो म्हणाला, फार वाट पाहिली, आता माहीत नाही चालणार नाही.

उषा खालून ओरडते आहे, काहीही लिही, ताई, झूठ लिही—

पहिला वार कोणीच केला नाही.

मारुतीनं वाचलं. हळूच विचारलं, मग आम्ही मेलो कसे?

दांडे हलले. उषानं डोकं हातांनी झाकलं.

एका सायकलवरची माणसं. डहाळ्या मी खोचल्या. दोन बाजू मी केल्या.

पहिला वार मी केला.

सगळे थांबले— दिवाकरचा दांडा खाली पडला— निशांतनं उषाला धरलं— तिघं काठ चढताहेत, जा, मागे बघू नका—

रांगा वळल्या. दोन्ही. टेकाडाकडे. एवढी माणसं, आणि पावलांचा आवाज नाही

उषा, मला हाक मारू नकोस, इकडे येऊ न