ताठ रॉड आणि नितीनचा डोळा

रविवार संध्याकाळ, पनवेल

गव्हाणच्या खाडीवर आज माझ्या नवऱ्याने, नितीनने, आमिष म्हणून बोटाएवढा हलका, गळ असलेला प्लॅस्टिकचा मासा मासेमारीच्या जाड, ताठ रॉडला लावला. मी म्हटलं, "अरे, हा रॉड जड आमिषांचा. या हलक्या आमिषाला टोकाशी वाकणारा, लवचीक हवा."

"चालतंय गं," तो हसला.

जिताडा मासा गळाला लागला. नितीनने जोरात हिसका दिला. लवचीक रॉडने तो पचवला असता, पण हा जरासुद्धा वाकला नाही. माशाच्या तोंडातून गळ सुटला आणि गोळीसारखा उलटा आला, थेट नितीनच्या पापणीत.

"दिसतंय का?" मी विचारत राहिले.

"काय नाय दिसत."

गाडी मी चालवली. कशी, आठवत नाही. फक्त ती पापणी, तिला लटकणारा तो चिमुकला प्लॅस्टिकचा मासा.

दवाखान्यात गळ काढला. डॉक्टर म्हणाल्या, "डोळा केसभर अंतराने वाचला." केसभर! डोळे मिटले की तीच पापणी दिसते. उद्या डोळ्यावरची पट्टी सुटेपर्यंत माझा यावर विश्वास बसेल का?

आत्ता विचारलं, "घाबरला होतास?"

"नाय गं, कशाला भिवू?"

पण माझा डावा हात त्याने अजून सोडलेला नाही.